उंबऱ्यातला माणूस धरत न्हाई

बिलायत युरोपातून रीतसर बाहेर पडली, त्या दिवशी सकाळी सात वाजता मला उदगीरकडच्या एका गावातून फोन आला. मी तेव्हा बदली होऊन धर्माबादकडे आलो होतो. तोंडात ब्रश, खांद्यावर टॉवेल, अशा अवस्थेत फोन उचलला. पलीकडून राम राम नाही, बरं आहे का नाही, थेट बातमी.

"भाऊसाहेब, दोनी पाय भाईर!"

"कोणाचे, मामा?"

"बिलायतीचे. पहाटं गेली. आता मोजायला सोपं."

आणि फोन बंद.

त्या घटनेवर जगभरच्या विद्वानांनी रकानेच्या रकाने भरले. मीही त्यातले थोडे वाचले. पण एवढा स्वच्छ निकाल मला कुठेच सापडला नाही. तो समजायचा तर आधी आमचे शिपाईमामा समजले पाहिजेत.

मी ग्रामसेवक. गाव ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतं आणि पंचायतीच्या शिपायाला मामा. नाती अशी की वाटावं एकाच ताटात जेवतो. उदगीरजवळच्या एका गट ग्रामपंचायतीत मी सात वर्षं काढली. गट म्हणजे एक मोठं गाव आणि ओढ्यापलीकडची एक वाडी, दोघांची मिळून एक पंचायत. पाण्याची टाकी गावात, आणि तिथून ओढा ओलांडून वाडीला गेलेली एक नळाची लाइन. या लाइनीखेरीज वाडीला दुसरं पाणी नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मामा दिसायला असे: काटकुळे, गळ्यापर्यंत बटण लावलेला पांढरा शर्ट, छातीवर पितळी शिट्टी आणि काखेत कापडी पिशवीत रेडिओ. रेडिओवर लंडनहून हिंदीत बातम्या देणारं एक स्टेशन लागायचं. ते महामुश्किलीनं सापडलं होतं, म्हणून मामांनी काटा तिथंच मेण लावून चिकटवून टाकला होता. त्या रेडिओवर मुंबई नाही, दिल्ली नाही, आमचं परभणीसुद्धा नाही. मामी एकदा पंचायतीत येऊन माझ्याकडे तक्रार करून गेल्या.

"भाऊसाहेब, आपल्याकडं पाऊस येनार का न्हाई ते इचारायला मला शेजारच्यात जावं लागतंय. लंडनात पडून राहिलाय, ते तेवढं घरात मालूम हाय!"

मामा शांतपणे म्हणाले, "तिथलं खरं निगतंय."

दवंडी शिट्टीवर. गावात पूर्वी ती हलगीवर द्यायचे, आणि आमच्या सरपंचांना परंपरेचा मोठा उमाळा. माणूस गोड, बोलणं लोण्यासारखं. म्हणायचे, "मामा, हलगी कशी, अंगावर काटा येतो. शिट्टी म्हणजे फुटबॉल वाटतोय रे."

"माझ्या बापानं खाली ठेवलेली हलगी मी उचलावी, आसं म्हननं हाय का साहेबाचं?" मामा विचारायचे. एवढ्यावर सरपंचांचं लोणी वितळून जायचं. शिट्टी मामांनी उदगीरच्या बाजारातून स्वतःसाठी आणलेली होती. पंचायतीच्या सामानाच्या यादीत ती नव्हती. हेही लक्षात ठेवा.

तर शिट्टी वाजायची, आळी गप्प व्हायची आणि मामांची दवंडी सुरू व्हायची:

"ऐका! उद्या पानी सहाला सुटंल, तोट्या बंद ठेवा. सोमवारी ग्रामसभा हाय. बिलायतीत लोक मताच्या दिवशी घरी बसले, आन् आता कपाळ बडवून राहिले. तुमी बसू नका. ज्याचा बैल सुटलाय त्यानं पंचायतीतून घेऊन जावा."

मताचं ते काय प्रकरण, हे मला ज्या सकाळी कळलं ती सकाळ मी विसरणार नाही. मामा ऑफिसात आले ते मातीला जाऊन आल्यासारखे.

"उठली, भाऊसाहेब."

"कोण?"

"बिलायत. पंगतीतून." आणि मग त्यांनी मला टेबलावरच्या शाईच्या डब्या, पिना आणि पेपरवेट मांडून सगळा युरोप समजावून सांगितला. "ही बगा गट ग्रामपंचायत. अठ्ठावीस वाड्या. बाजार एक, कायदा एक. बिलायत ह्यातली पैशावाली वाडी. पन बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं उंबऱ्यात उभी. नोट येगळी, नाका येगळा, आन् पंगतीला हजर. एक पाय आत, एक भाईर."

"मग गेली ते बरंच झालं की, मामा."

"गेल्याचं कोन रडून राहिलंय? जायचं त्यानं जावं, राहायचं त्यानं राहावं. राहायचं का जायचं, मत घेऊन दर मानसाला इचारलं, चांगलं केलं. पन चारातला एक जन तिथंबी घरीच बसला! आन् दुसऱ्या दिवशी लोक इचारून राहिले म्हनं, युरोप म्हंजे काय असतंय?" त्यांनी पेपरवेट उचलला आणि बाजूला ठेवला. "म्हंजे तिथंबी वही फिरली."

वही फिरणे, ही आमची खास विद्या. तीही सांगतो.

ग्रामसभेला आमच्याकडे शंभर माणूस लागतं. शंभर भरलं नाही, तर सभा तहकूब. आणि गंमत अशी की तहकूब झालेली सभा पुन्हा बोलावली की तिला माणसांची अटच नाही. सात डोकी बसून दोन हजारांचं ठरवू शकतात. तेवढाही धीर नसेल, तर तिसरी वाट. हजेरीची वही घरोघर फिरवायची. ओसरीवर चहा येतो, वहीत सही पडते. "कशाची हो?" "नेहमीची." "मग द्या इकडं." मी नोकरीला लागलो तेव्हा ज्येष्ठांनी शिकवलेला पहिला धडा हाच. वही फिरवायचं काम शिपायाचं, आणि आमच्या मामांनी ते उभ्या जन्मात केलं नव्हतं.

"न जेवता ढेकर कसा देऊ?" म्हणायचे. त्यामुळे ती वही मला फिरवावी लागायची. फिरवलीसुद्धा. खोटं कशाला बोलू, चहा चांगला मिळायचा.

पण सभेत माणसं मोजायची, तर ती मामांनीच. इतर गावांत कुणी मोजत नाही, वहीकडे बघतात. मामा प्रत्येक बसलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचे, मोठ्यानं आकडा म्हणायचे आणि पुढे सरकायचे. बायकांच्या ओळीत हात जोडून मोजायचे. सुरुवातीला काही म्हातारी मंडळी त्यांचा हात आला की खांदा आखडून घ्यायची. मामा मग "आकडा चुकला वाटतं" म्हणून माघारी यायचे आणि नेमका तोच खांदा पुन्हा मोजायचे. चार-सहा सभांत सगळे खांदे सरळ झाले.

आणि दारात उभा असलेला माणूस ते मोजत नसत. सभागृहाच्या उंबऱ्यात हमखास चौघं-पाच जण उभे. एक पाय आत, एक पाय बाहेर, बिडी बाहेरच्या हातात. सभेत काही मिळतंय असं दिसलं तर आत, तंटा निघाला तर बाहेर.

"मामा, मी हाय की! धरा मला."

"निम्मा हायेस. निम्म्याचं दस्तखत कुठं घेऊ? उंबऱ्यातला मानूस मी धरत न्हाई."

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला सरपंचांच्या मनात आलं की वाडी तोडावी. म्हणजे तिला गटातून वेगळं काढून स्वतंत्र पंचायत करावी. कारण साधं होतं. वाडीची मतं कधी सरपंचांच्या पेटीत पडत नसत. वाडी वेगळी झाली की टाकी गावाची, लाइन गावाची. वाडीला नवी योजना मिळेपर्यंत बायकांनी ओढ्याच्या वाळूत झिरा उकरायचा. हे अर्थात ठरावात लिहिलेलं नव्हतं. ठरावात 'विकास' लिहिलं होतं.

"मामा, वही," सरपंच म्हणाले.

"न्हाई."

"नोकरी करायचीय न्हवं?"

"नोकरी करून राहिलो. चोरी न्हाई."

मग मी निघालो. गावात पन्नास-साठ सह्या झाल्या, आणि आता ऐका मजा: उरलेल्या मी वाडीत जाऊन घेतल्या. ज्या वाडीचं पाणी तुटणार, त्याच वाडीत! कुणी वाचलं नाही. एका आजीच्या अंगणात बसून मी दूध घातलेला चहा प्यालो. या आजी माहेरच्या कानडी मुलखातल्या, तोंडानं फटाक्याची माळ.

"कशाचा अंगठा रे, भाऊसाहेब?"

"नेहमीचा, माय."

आजींनी अंगठा दिला, तो पदराला पुसला आणि मला वर दोन भाकरी बांधून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या पारावर शिट्टी वाजली. मामांनी ऑफिसच्या फळ्यावर लावलेला ठराव आणि कपाटातली ती वही काढून आणली होती. तो त्यांनी अक्षर न् अक्षर वाचला आणि मग वहीतली नावं, एकेक, लग्नात आहेर पुकारतात तशा सुरात:

"वाडी तोडायला मंजुरी देनार... वाडीच्याच आजी! अंगठा! अभिनंदन!"

"इल्ला! इल्ला!" आजी किंचाळल्या. कानडीत नाही म्हणायचं तर त्यांना एकदा पुरत नसे. "मी कुठं दिला? मी नेहमीचा दिला!"

"नेहमीचाच हाय हा, माय. नेहमी हेच करतेत तुमी. ह्या बारीला तुमचंच पानी चाललंय म्हनून कळलं."

तासाभरात वाडी ओढा ओलांडून ऑफिसात. माझी पाचावर धारण बसली होती. आजी माझ्या तोंडासमोर तोच निळा अंगठा नाचवत होत्या आणि खाल्लेल्या भाकऱ्यांचा हिशेब मागत होत्या. अखेर सरपंचांना ती वही बाजूला ठेवून खरी सभा बोलवावी लागली. पण तेही कच्चे नव्हते. त्यांनी एक विषय वाढवला.

शिपायाला काढायचं तर ते पंचायतीच्या मासिक बैठकीतही जमलं असतं. पण सरपंच गोड हसून म्हणाले, "मामाला ग्रामसभेचा लई नाद. मग ग्रामसभेतच होऊ दे. आणि दवंडी मामाच देईल, त्याचंच काम ते."

मामांनी ती दवंडी सात दिवस दिली. गावात, वाडीत, बसथांब्यावर.

"ऐका! विषय एक, वाडी ठेवायची का तोडायची. विषय दोन, मला ठेवायचं का हाकलायचं. माज्या बाजूनं या, माज्या इरोधात या, पन या!"

आणि आली की माणसं! माझ्या नोकरीत मी तशी सभा पाहिली नव्हती. मामा खांदे मोजत गेले, एकशे चौऱ्याहत्तर. आजी पहिल्या ओळीत. वाडीचा विषय निघाला, दोन तास रण माजलं. गावातल्यांनी वाडीवाल्यांना ऐकवलं, वाडीवाल्यांनी सत्तर सालापासूनची उणीदुणी काढली. शेवटी हात वर झाले. वाडी राहिली, लाइन राहिली. वाडीतल्या तरण्यांनी मामांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. मामा म्हणाले, "खाली ठेवा, आजून इषय हाय."

पण एक वाजला होता. बैलांना पाणी दाखवायचं होतं. उदगीरची जीप सुटणार होती. ज्या वाडीसाठी मामांनी नोकरी डावावर लावली होती ती वाडी आनंदात ओढा उतरून जेवायला निघाली. "आता काय, मामांचं होतंय की!" असं एकमेकांना सांगत. आजीसुद्धा गेल्या, घरी भाकरी थापायच्या होत्या.

सरपंच उठले नाहीत. त्यांनी पान लावलं. "दुसरा विषय. मामा, मोज बरं माणसं."

मामांनी मोजली. खांद्यावर हात, आकडा, खांद्यावर हात, आकडा. अठ्ठ्याण्णव.

उंबऱ्यात दोघं उभे होते. एक पाय आत, एक बाहेर. दोघंही वाडीचे, दोघंही मामांच्या बाजूचे. मी मामांच्या कानाशी लागलो.

"मामा, ते दोघं धरा. शंभर होतंय. बसलेली बहुतेक तुमच्याच बाजूची आहेत, आत्ता हात वर करतील. नाहीतर सभा तहकूब होईल, आणि पुढच्या आठवड्यात सात जण तुम्हाला घरी बसवतील."

मामा दाराकडे वळले. "आत येता का, बाबांनो?"

"आं? मामा, जीप हाय हो. तुमी धरा की आमाला. आमी तुमचेच हाव."

"आत या, न्हाईतर भाईर जा."

जीपनं हॉर्न दिला. दोघं बाहेर गेले.

"मी शंभर लिहितो," मी म्हणालो. आजवर इतकं खोटं लिहिलं होतं, दोन माणसांनी काय आभाळ कोसळणार होतं? "कोण बघतंय?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन खाली ठेवलं.

"माझा बाप हलगी वाजवून अख्ख्या गावाला सभेला बोलवायचा, भाऊसाहेब. गाव आत बसलं, की हा पायरीखाली उभा. उन्हात. त्याला आत घेत नव्हते, म्हनून तो भाईर." त्यांचा आवाज चढला नाही. "ह्यांना कोन अडवून राहिलंय? मी त्यांना धरायचं? अठ्ठ्यान्नव लिवा."

मी अठ्ठ्याण्णव लिहिले. सभा तहकूब.

पुढचा आठवडाभर शिट्टी पुन्हा वाजत होती. आता विषय एकच. "इषय: मी!" असं मामा म्हणायचे आणि लोक ओसरीवरून हात हलवायचे. "येतो की मामा! येनार न्हाई तर काय!" पण तुरीच्या राशी चालू झाल्या होत्या, आणि आमच्याकडे 'येतो' म्हणजे निरोप घ्यायची रीत आहे.

ठरल्या दिवशी दहा वाजता सभागृहात सरपंच आणि त्यांचे सहा जण. मी टेबलाशी. मामा दाराशी, शिपायाच्या जागेवर. सव्वादहा झाले. साडेदहा झाले. रस्त्यावर कुत्रं नव्हतं.

"करा सुरू," सरपंच म्हणाले.

तेव्हा मामांनी चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि थेट पहिल्या ओळीत मांडी घालून बसले.

"मोजा, भाऊसाहेब."

"मी?"

"शिपाई सभेला बसलाय. मग कोन मोजनार?"

मी उठलो. सात वर्षांत पहिल्यांदा हातानं माणसं मोजली. एक, दोन, तीन... सरपंचांच्या खांद्यावर हात ठेवताना माझाच हात अवघडला. सात. मग मामांचा खांदा, शर्टाखाली नुसतं हाड.

"आठ," मी म्हणालो.

"मोठ्यानं म्हना."

"आठ!"

शिपायाला काढावे, बाजूने हात वर. सात. मला त्या गावात मत नव्हतं. ग्रामसेवकाला नसतं, आणि त्या क्षणापर्यंत मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. विरोधात?

एक हात पंख्याकडे ताठ वर गेला.

"एक. लिवा. आन् शाईनं लिवा."

मी लिहीत असतानाच दारात धापा टाकत आजी. केसांत तुरीचा भुसा, कमरेला पदर खोचलेला. मागं आणखी दोघी.

"झालं?"

"झालं, माय," मामा म्हणाले.

"मी नको म्हन्ते! माझं लिव रे, भाऊसाहेब! हा बग हात!" त्यांनी दोन्ही हात वर केले.

मी पेन उचललं. मामांनी नुसती मान हलवली. "वेळ सरली. आता धरता येत न्हाई."

"इल्ला! अरे मेल्या, तुझ्यासाठी रास टाकून आले मी! तुझीच नोकरी चाललीय!"

"पुढच्या सभेला ये. जरा लौकर निग."

आजींनी मग सगळ्यांचा उद्धार केला. आधी सरपंचांचा, मग माझा, पण सगळ्यात जास्त मामांचा. मामा ते खाली मान घालून, तोंडातल्या तोंडात हसत ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. सरपंचांनी गळ्यातल्या शिट्टीकडे बोट दाखवलं.

"ती माझी हाय. यादी बगा."

मी यादी न बघताच म्हणालो, "त्यांचीच आहे."

मामा उंबरा ओलांडून गेले. चपला घातल्या, रेडिओ काखेत मारला, आणि भर रस्त्यात उभं राहून अशी शिट्टी फुंकली की सरपंचांच्या हातातलं पान पडलं.

"ऐका! पुढली ग्रामसभा सव्वीस जानेवारीला! हुकूम कुनाचा न्हाई, पगार कुनाचा न्हाई! सात जनांनी एकाला काढलं, पंचायतीत लिवून ठिवलंय, येऊन वाचा! घरी बसनाऱ्यांचीबी नावं मला पाठ हायेत!"

ते वाडीच्या दिशेनं चालायला लागले. आजी मागून शिव्या देत, पण त्यांच्याच पावलानं. मी बघायला दारापर्यंत आलो होतो. आत सरपंच हाका मारत होते, "भाऊसाहेब, या, वहीवर सह्या घेऊन टाका."

रस्त्याच्या वळणावर मामा थांबले. वळून त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे पाहिलं, आणि तिथूनच ओरडले,

"भाऊसाहेब, येक काय ते ठरवा!"

मी खाली पाहिलं. माझा एक पाय आत होता, एक बाहेर.